मुलं : नाहीत

कोडियाक, ११ फेब्रुवारी २०२३

नानांग,

इथूनच तुमचा हात, थोरांचा आशीर्वाद घेतात तसा, माझ्या कपाळाला लावून घेतो. तुम्ही तो पुढे केलात की पाठीमागे लपवलात, हे मला दिसत नाही, तेच बरं.

फोन तुम्ही उचलत नाही म्हणून हे पत्र. मायुमी सांगते, "फोन वाजला की नानांग कोंबड्यांना बोलवायला परसात जाते." तुमच्या कोंबड्या तीन. त्यांना दिवसातून इतक्या वेळा कोण बोलावतं? तुमची लेक जोव्हेलिन तरीही रोज कामावरून आली की एकदा फोन लावते. वाजू देते आणि ठेवते.

पत्र खोक्यात तळाशी आहे, डबाबंद मांसाच्या डब्यांखाली. साबण, कॉफी, मायुमीचे बूट, तुमच्या गुडघ्यांचं मलम, सगळं नेहमीचं आहे. खोकं जहाजानं जाणार, म्हणजे अडीच महिने. तोवर तुमचा राग थोडा निवला असेल अशी आशा करतो. नसेल निवला तर पत्र वाचून पुन्हा डब्यांखाली ठेवा, वाचलं म्हणून मी कुणाला सांगणार नाही.

काम एकच आहे. मायुमीला इकडे आणायचं. मी इथला नागरिक आहे, तिची आई माझी लग्नाची बायको, म्हणून मी तिचा सावत्र बाप, आणि सावत्र मुलीसाठी कायमच्या व्हिसाचा अर्ज मला करता येतो. लग्नाच्या वेळी ती दहा वर्षांची होती, त्यामुळे वयाचीही आडकाठी नाही. अडचण तिच्या जन्मदाखल्याची आहे. त्यावर आईच्या रकान्यात तुमचं नाव आहे. सरकारच्या लेखी जोव्हेलिन तिची थोरली बहीण. म्हणजे मी माझ्या मेहुणीला मुलगी म्हणून मागतोय, आणि असं मागणाऱ्याला इथे कुणी दारात उभं करत नाही.

यात मी तुम्हाला दोष देत नाही. सतरा वर्षांच्या पोरीला मूल झालं, त्याचा बाप जहाजावर नोकरीला म्हणून गेला तो तिकडचाच झाला. तुम्ही सुईणीला बरोबर घेतलंत, नगरपालिकेत गेलात आणि त्रेचाळिसाव्या वर्षी "माझंच आहे" असं लिहून आलात. जोव्हेलिनची शाळा सुटली नाही, गावाची तोंडं बंद राहिली. माझ्या गावातही अशी तीन मुलं आहेत, आजीलाच आई समजून नानांग म्हणत वाढलेली. आपल्याकडे त्याला कुणी खोटं म्हणत नाही. इथल्या कचेरीत म्हणतात.

सोबत एक कागद आहे. तुम्ही मायुमीची आजी आहात आणि जोव्हेलिन तिची आई, एवढंच त्यात लिहिलंय. सही जिथे करायची तिथे पिवळी चिठ्ठी चिकटवली आहे.

डिसेंबरात आम्ही आलो होतो तेव्हा जे झालं, त्याबद्दल मी काही लिहीत नाही. मायलेकींच्या मध्ये जावयानं बोलू नये म्हणून त्या दिवशी मी गप्प बसलो होतो.

तुमचा जावई,
डेल्फिन


कोडियाक, ३ जून २०२३

नानांग,

तुमचा हात कपाळाला.

खोकं पोचल्याचं मायुमीकडून कळलं. बूट तिला अर्धा नंबर मोठे झाले, मलम तुम्ही गुडघ्याऐवजी खांद्याला लावताय, आणि पिवळी चिठ्ठी कॅलेंडरवर चिकटवलीत, डुकराला लस कधी टोचायची ते लिहून. चिठ्ठी कामी आली याचा आनंद आहे. कागदाचं काय केलंत ते मायुमीनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तुमचा निरोप मात्र तिनं शब्दाला शब्द पोचवला. "बहीण आहे ना कागदावर? मग बहीण म्हणून न्या. मी काही कुठे सही करणार नाही." नानांग, तशीही सोय आहे. आधी जोव्हेलिनला इथली नागरिक व्हावं लागेल, मग बहिणीसाठी अर्ज, आणि आपल्या देशातल्या बहीणभावंडांची रांग आज वीस वर्षांच्या पुढे आहे. मायुमीचा नंबर लागेल तेव्हा तिचे केस माझ्यासारखे पांढरे व्हायला लागले असतील, आणि कारखान्यात माशांची डोकी कापायला कुणी चाळिशीची नवखी बाई ठेवून घेणार नाही. तुम्हाला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. तुमच्या धाकट्या भावानं होनोलुलूला जायची वाट पाहता पाहता नातवंडं पाहिली.

अर्ज मी मे महिन्यात पाठवून दिला. तुमच्या सहीशिवायच. मागाहून पुरावा मागतील तेव्हा बघू.

तुम्हाला तुरुंगाची भीती वाटते, असं मायुमी म्हणाली. इथे चर्चच्या सभागृहात वर्षातून दोनदा एक वकीलबाई येतात, फुकट सल्ला देतात. त्यांनी आपल्याकडच्या एका वकिलाला विचारून घेतलं. मुलाच्या भल्यासाठी लिहिलेलं स्वतःहून येऊन दुरुस्त करणाऱ्या म्हातारीला कुणी आत टाकत नाही, असं तो म्हणाला. म्हातारी हा शब्द त्याचा आहे, माझा नाही.

दुसरी भीती तुम्ही बोलून दाखवली नाहीत, पण ती मला कळते. सही केली की मायुमीला सगळं सांगावं लागेल. त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही. ती तुम्हाला वाटते तितकी लहान राहिलेली नाही, एवढंच म्हणतो.

इथे आता साल्मन माशांचा हंगाम. दिवसाचे चौदा तास कारखान्यात सरकत्या पट्ट्यासमोर उभा असतो. गोरे लोक डोकी टाकून देतात, ती आम्ही पिशव्या भरून घरी आणतो आणि चिंच घालून उकळतो. जोव्हेलिननं मागची खोली रंगवली. पलंग आणून जोडलाय. सध्या त्यावर इस्त्रीचे कपडे असतात.

डेल्फिन


कोडियाक, १८ फेब्रुवारी २०२४

नानांग,

तुमचा हात कपाळाला. या खेपेला पत्र खोक्यात नाही, विमानाच्या टपालानं पाठवतोय, कारण मुदत आहे. आणि आज जे लिहायचंय ते डब्यांखाली ठेवण्यासारखं नाही.

कचेरीचं पत्र आलं. त्यांना दोन गोष्टी हव्यात, बारा आठवड्यांच्या आत. एक, जोव्हेलिन मायुमीची आई असल्याचा पुरावा. जोव्हेलिनच्या गालाच्या आतून कापूस फिरवून डीएनएचा नमुना घेतील, मायुमीचा मनिलाच्या इस्पितळात घेतील, आणि सोबत तुमचा जबाब लागेल. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी मला विचारलेला एक प्रश्न आहे : चार वर्षांपूर्वी तुमच्या पत्नीच्या अर्जात मुलांच्या रकान्यात "नाहीत" असं लिहिलंय. ते का?

हाच कागद गेल्याच्या आदल्या डिसेंबरात तुमच्या टेबलावर होता. मायुमीचा अर्ज करायचा म्हणून मी जुन्या फायलीची प्रत आणली होती, आणि तुमच्या भाचीनं, नेनितानं, ती तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवली. "मुलं : नाहीत." तुम्ही दोनदा वाचायला लावलंत. मग जोव्हेलिनला म्हणालात, "मी खोटं लिहिलं ते पोरीला नाव मिळावं म्हणून. आणि तू तिला पुसून टाकलंस? विमानाच्या तिकिटासाठी?" जोव्हेलिननं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी आंबा चिरत होतो. मी चिरतच राहिलो.

नानांग, ते मी लिहिलं होतं.

सगळे फॉर्म मीच भरले, इथे, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. जोव्हेलिन तेव्हा विगान शहरातल्या दुकानात कामाला होती, तिला मी फोनवर एकेक प्रश्न विचारत होतो. मुलांचा रकाना आला तेव्हा ती म्हणाली, "एक लिही."

मी म्हटलं, "दाखल्यावर ती तुझी बहीण आहे. एक लिहिलं तर दाखला मागतील, मग अडकशील."

"मग काय मला पोरगी नाही म्हणून सांगू?"

"कागदावरच गं. तू आलीस की तिला कसं आणायचं ते बघू."

दुकानात कुणी गिऱ्हाईक आलं, त्याचे सुटे पैसे मोजल्याचं मला ऐकू आलं. मग म्हणाली, "तुला लिहायचं तर लिही. माझ्या हातानं ते होणार नाही." मी लिहिलं. तिनं नंतर फक्त सही केली, आणि सही केली त्या दिवशी ती जेवली नव्हती, हे तुम्हाला आठवत असेल, कारण ती तुमच्याच घरी होती.

मायलेकींच्या मध्ये बोलू नये म्हणून गप्प बसलो, असं मागे लिहिलं होतं. ते खोटं होतं. मी भ्यालो होतो. तुमच्या नजरेत मी पोरीला न्यायला आलेला भला माणूस होतो, आणि मला तो राहायचं होतं. चौदा महिने तुम्ही लेकीशी बोलला नाहीत ते माझ्यामुळे. तिला मी किती वेळा म्हटलं, मी नानांगना सांगतो. ती म्हणते, "सही माझी आहे." तुमच्यावरच गेली आहे.

वकीलबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, शपथेवर खरं लिहून द्या, कुणी लिहिलं आणि का लिहिलं. मी विचारलं, त्यावरून जोव्हेलिनला परत पाठवतील का? "बहुधा नाही," म्हणाल्या. त्या "बहुधा"वर आम्ही दोघं आठवडाभर बसून होतो. मग जोव्हेलिनच म्हणाली, "पाठवलं तर पाठवलं. निदान पोरगी तरी तिथे आहे." काल मी जबाब लिहून पाठवून दिला. तुमच्या सहीची वाट पाहिली नाही, आणि या पत्राच्या बदल्यात सही मागतही नाही. कागदाची नवी प्रत सोबत आहे. चिठ्ठी लावलेली नाही.

माझ्यावर रागवा. तिचा फोन उचला.

डेल्फिन


कोडियाक, २ फेब्रुवारी २०२५

नानांग,

तुमचा हात कपाळाला.

गेल्या एप्रिलात तुमची सही आली तेव्हापासून मी तुम्हाला पत्र लिहिलं नाही. काय लिहावं ते सुचत नव्हतं. लिफाफ्यात सहीचा कागद होता, दुसरं काही नव्हतं. मी लिफाफा उलटा करून झटकून पाहिला. जोव्हेलिन हसली मला. तिला हसायला काय जातं, तिचा फोन तुम्ही तोवर उचलायला लागला होतात.

कापसाचा निकाल आला तो तुम्हाला तिनं सांगितलाच. मायलेकी, नव्याण्णव आणि पुढे आणखी बरेच नऊ. ती कागद वाचून म्हणाली, "हे सांगायला यंत्र लागलं यांना." मग तोच कागद तिनं मागच्या खोलीत नेऊन भिंतीला लावला. कचेरीनं माझा अर्ज मंजूर केला, जोव्हेलिनच्या रकान्याबद्दल पुन्हा काही विचारलं नाही. आता जन्मदाखला दुरुस्त करून दूतावासात मुलाखत, एवढंच उरलं होतं, आणि तेच मला सगळ्यांत अवघड वाटत होतं, कारण ते फक्त तुम्हालाच करता येणार होतं.

कोर्टाच्या दिवसाची हकीकत मायुमीनं मला फोनवर सांगितली. तुम्हाला न विचारता ऐकली, माफ करा. तुम्ही दोघी तीनचाकी रिक्षातून विगानला निघालात. मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत कागद. पूल ओलांडल्यावर तुम्ही म्हणालात, "तुला एक सांगायचंय."

"मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"मानांग माझी बहीण नाही, आई आहे. तिसरीत होते तेव्हाच नेनिताच्या मुलानं सांगितलं होतं."

"आणि इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

त्यावर तुम्ही रिक्षावाल्याला म्हणालात, "मागे काय बघतोस, समोर बघून चालव." आणि विगान येईपर्यंत तिचा हात सोडला नाहीत.

मला हे दोन वर्षं ठाऊक होतं, नानांग. तिनं शपथ घातली होती. त्या जूनच्या पत्रात मी अडखळलो होतो ते त्यामुळे. एवढं एकच लपवणं माझ्या मनाला टोचलं नाही.

न्यायाधीशांनी विचारलं म्हणे, "नोंदीत खोटं का लिहिलंत?" आणि तुम्ही म्हणालात, "खोटं काय त्यात, साहेब? तिला दूध कुणी पाजलं, शाळेत कुणी सोडलं, गोवर निघाला तेव्हा उशाशी कोण होतं, ते लिहिलं. तुमच्या रकान्याला फक्त आई हाच शब्द होता." साहेबांनी दुरुस्तीचा हुकूम लिहायला सांगितला.

पण मला राहून राहून आठवतं ते नंतरचं. नगरपालिकेत नवा दाखला करताना माहिती देणाऱ्याचं नाव, आणि पुढे त्याचं मुलाशी नातं लिहायचं होतं. तुम्ही पेन घेऊन बसून राहिलात. कारकून म्हणाला, "मी भरू का, आजी?" तुम्ही म्हणालात, "मला लिहिता येतं." आणि "आजी" असं लिहिलंत.

हे ऐकलं तेव्हा मी कारखान्याच्या मागच्या बाजूला उभा होतो, वारा असा की टोपी हातात धरावी लागत होती. मला लाज वाटली. तो रकाना तुम्ही स्वतःच्या हातानं भरलात. मी "नाहीत" लिहिलं तेव्हा माझं स्वतःचं काही गेलं नव्हतं.

तुमच्याकडून मला अजून शब्द आलेला नाही. मागत नाही. खोक्यात मलम जास्त ठेवलंय, खांद्याचं आणि गुडघ्याचं वेगळं.

डेल्फिन


कोडियाक, २४ ऑगस्ट २०२५

नानांग,

आज तुमचा हात कपाळाला लावल्याचं वर लिहिलेलं नाही. कारण शेवटी सांगतो.

ती पोचली, हे तुम्हाला कळलंच आहे. विमानतळावरून जोव्हेलिननं फोन लावला तेव्हा पहिली घंटा पुरी व्हायच्या आत तुम्ही उचललात. "पोचली? जेवली?" एवढं विचारून ठेवूनही दिलात. कोंबड्यांना बोलवायचं राहिलं होतं वाटतं.

पण इथवर येणं सोपं गेलं नाही, आणि ते तिनं तुम्हाला सांगितलं नसणार. सिअ‍ॅटलला उतरल्यावर खिडकीतल्या अधिकाऱ्यानं विचारलं, "कुणाकडे चाललीस?" आपली मायुमी सरळ म्हणाली, "बहिणीकडे."

त्याच्या हातातल्या कागदावर आई. दोन वर्षं आम्ही सगळ्यांनी मिळून, कोर्टात, इस्पितळात, शपथेवर सिद्ध केलेली आई. त्यानं तिला बाजूच्या खोलीत नेऊन बसवलं. तास दीड तास. इथे आम्ही दोघं फोनकडे बघत बसलो होतो, तिचा संदेश आला, "मानांग, मी काहीतरी चुकीचं बोलले." जोव्हेलिन वकीलबाईंचा नंबर शोधायला लागली. मी म्हटलं, बोलेल ती.

मग एक अधिकारी बाई आल्या, आपल्याच देशाच्या, वयस्क. त्यांनी विचारलं, "पोरी, हे काय? आई की बहीण?" मायुमीनं सांगितलं, "आई गावी आहे. ती कागदावर आजी आहे. इथे आहे ती मला जन्म दिलेली, तिला मी मानांग म्हणते. कागद बरोबर आहे. मला त्याची सवय नाही अजून." त्या बाईंनी चष्मा काढून पुसला आणि शिक्का मारायला सांगितला. बाहेर सोडताना म्हणाल्या, "माझ्या घरी पण अशीच एक आहे."

पुढे अँकरेजला धुक्यानं दोन दिवस विमान उडालं नाही. तिसऱ्या दिवशी उडालं.

जोव्हेलिनला ती अजून मानांगच म्हणते, आणि मला मानोंग, ताईचा नवरा म्हणून. जोव्हेलिन दुरुस्त करत नाही. मी एकदा विचारलं, तुला वाईट नाही वाटत? म्हणाली, "नानांग एकच आहे. ती जागा भरलेली आहे." काल दोघी पलंगावर बसून एकमेकींच्या केसातले पांढरे शोधत होत्या. मायुमीला कुठला पांढरा? पण शोधत होत्या.

तिच्या खोलीतल्या भिंतीवरचा तो नव्याण्णवचा कागद तिनं काढून टाकला आणि तिथे तुमचा फोटो लावला, डुकराबरोबरचा. दुसरा नव्हता म्हणे. आता तुम्ही एकट्या आहात, हे आम्ही तिघंही विसरत नाही. नाताळात येतो. ओरडायचं असेल तर तेव्हा समोर ओरडा.

आता ते राहिलेलं. आमच्या विमानतळावर सामान एकाच छोट्या दारातून बाहेर येतं आणि माणसंही. ती बाहेर आली. जोव्हेलिन पुढे धावली. पण मायुमी तिला ओलांडून आधी माझ्याकडे आली. मी घाबरलो, मिठी मारायची की नाही ते कळेना. कारखान्यातून तसाच आलो होतो, हाताला माशाचा वास होता. मी हात मागे घेतला.

ती म्हणाली, "द्या की, मानोंग. नानांगनं सांगितलंय, तिथे उतरलीस की सगळ्यांत आधी त्याचा हात कपाळाला लाव."

मी गडबडीत डावा पुढे केला, उजवा जास्त घाण होता म्हणून.

"तो नाही," ती म्हणाली. "उजवाच घे म्हणाली. त्याच हातानं लिहिलं होतं ना."

आणि तिनं तो घेतला आणि कपाळाला लावला.

तुमचा,
डेल्फिन